सात वेशींचं वावर

आपल्याच वावरात चपला काढून जायची पाळी मामाजींवर, माझ्या सासऱ्यावर आली, ती या कार्तिकात. सोयाबीन निघून वावर मोकळं झालं होतं. मामाजी सकाळीच बैलजोडी अन् वखर घेऊन निघाले, तर बांधाच्या धुऱ्यावर तेजराव गुरुजी हात जोडून उभे.

"भगवंतराव, तेवढं पायातलं काढा. खाली नगरी हाये."

मामाजींनी काढल्या बापड्यांनी. नुसत्या काढल्या नाहीत, उचलून बोरीखाली नीट जोडीनं ठेवल्या. मागून मी न्याहारी घेऊन येत होते. मी काही काढल्या नाहीत. गुरुजींनी माझ्या पायांकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, अन् तो विषय तिथंच संपला. माझं नाव संजीवनी. या घरची मी एकुलती एक सून, आणि तोंडाची तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणो.

"बैलं बी नका घालू आत," गुरुजी म्हणाले. "मशीन येऊन राह्यलं. ते फिरेपर्यंत माती हालवाची नाही."

"अन् हरभरा?" मामाजींनी विचारलं.

"नगरी हजारो वर्सं थांबली. तुमचा हरभरा चार दिवस थांबत नाही?"

"नगरीले ओल लागत नाही गुरुजी, हरभऱ्याले लागते," मी म्हणलं.

मामाजींनी माझ्यावर डोळे वटारले. पण खोटं काय होतं त्यात? आमच्या या वावराला विहीर नाही. सोयाबीन काढलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच हरभरा उगवतो. वेळेत पेरला तर घर तरतं, आठ-दहा दिवस हुकले तर बियाणं मातीत भाजल्यासारखं पडून राहतं. वर्षाचं निम्मं पोट त्या ओलीत होतं.

आता ही नगरी कुठून आली ते सांगते. तेजराव गुरुजी आमच्या गावचे निवृत्त मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन शहाणं झालेलं, त्यात माझा नवरा प्रज्वलसुद्धा. गुरुजींच्या देवघरात हातानं लिहिलेली एक जुनी पोथी आहे. तिच्यात हेमवती नावाच्या नगरीचं माहात्म्य. राजानं तहानलेल्या ऋषीला वेशीवरून पाणी न देता परत पाठवलं, ऋषीनं शाप दिला, अन् सात वेशींची सोन्यासारखी नगरी एका रात्रीत जमिनीनं गिळली. खुणा काय, तर दोन ओढ्यांच्या मधली काळी माती, पळसाची झाडं, आणि पश्चिमेला बसल्या बैलासारखी टेकडी. बाप्पा, अशा खुणा तर बीबी गावापासून मेहकरापर्यंत दर चौथ्या वावराला सापडतील! पण आमच्या वखराला कधीमधी खापराचे तुकडे लागायचे. मामाजींनी ते कौतुकानं गुरुजींना नेऊन दाखवले होते. तिथंच घात झाला.

गुरुजींचा एक विद्यार्थी, प्रसेनजित, चिखलीकडचा. बाप इथं नोकरीला होता तेव्हा चार वर्षं गुरुजींकडे शिकला, अन् आता कॉलेजात मोठा प्राध्यापक झाला. न खणता जमिनीच्या पोटातलं दाखवणारं मशीन त्याच्याजवळ आहे असं गुरुजींना कळलं. बोलावलं त्याला. गुरुजींचा शब्द, तो काय मोडतो! सुट्टी काढून आला.

तो येईपर्यंत गावाला मात्र चेव चढला. दुसरं शेगाव होणार, लॉज होतील, चौपदरी रस्ता होईल, एकानं तर धुऱ्यावर चहाची टपरीसुद्धा लावली. बायका येऊन माती कपाळाला लावायच्या, जाताना प्लास्टिकच्या पन्नीत भरून न्यायच्या. आम्ही वावरात टाकलेला शेणखताचा ढीग पाहून गुरुजींनी नगरीसाठी जमवलेल्या समितीतल्या एकानं नाक दाबलं. "देवाच्या नगरीवर शेन? उचला हे." दोन दिवस मी आणि सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन तेच खत परत घरी वाहत होतो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, नाव सरस्वतीबाई. त्यांची मान आधीच दुखती. टोपलीखालून त्यांच्या गळ्याच्या शिरा तटतटून यायच्या, घाम डोळ्यांत जायचा, पुसायला हात मोकळा नसायचा. वाटेनं लोक पाहायचे. टोपली डोक्यावर घ्यायच्या आधी आत्याबाई रोज वाकून वावरातली मूठभर माती उचलायच्या, दाबायच्या, उघडून पाहायच्या.

"ओल हाये अजून," म्हणायच्या.

प्रसेनजित सर आले ते रबरी सँडल अन् नाडीची पायजमा-पँट घालून. गावानं हार आणला होता, पण असा माणूस पाहून हार कोणाला घालायचा ते दोन मिनिटं कोणाला कळेना. मशीन म्हणजे एक हलकी चौकट, तिला उभ्या पांढऱ्या नळ्या, गळ्यात अडकवायचा एक डबा. सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. जमिनीला लोहचुंबकासारखा ओढा असतो म्हणे. कुठं खड्डा करून बुजवला असेल, चूल पेटली असेल, भिंत असेल, तर तिथला ओढा जरा बदलतो. मशीन तेवढा फरक टिपतं. लोखंड असेल तर मग विचारूच नका, मशीन बिथरतं.

"म्हणून आत येणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको," सर म्हणाले.

दोरी धरायला मी होते, आणि दुसऱ्या टोकाला डिंपल, शेजारच्या वावरवाल्या शंकररावांची सून. आम्ही दोघी बोरीआड गेलो. डिंपलच्या साडीतून, केसांतून, पोलक्यातून इतक्या पिना निघाल्या की त्या ठेवायचा डबा वाजायला लागला. "आता हे सगळं निसटलं तर नगरी राहीन बाजूले," ती म्हणाली, अन् आम्ही दोघी हसून हसून बेजार. मामाजींच्या करगोट्याला बांधलेली कपाटाची किल्लीसुद्धा काढून घेतली. मग सर वळून म्हणाले, "काका, ही जोडी जरा लांब बांधा. बैलांच्या पायात नाल आहे ना? तेवढ्यानंही आकडा उडतो."

मामाजींच्या हातातलं दावं तसंच राहिलं. "नालेनं बी?" त्यांनी विचारलं.

"नालेनं तर फार."

मामाजींनी बैल सोडले आणि पार लेंडी ओढ्यापलीकडे नेऊन बांधले. परत आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मला वाटलं ऊन लागलं.

तीन दिवस सर चालत होते. आम्ही दोरी ताणायची, त्यांनी दोरीवरून एका चालीनं जायचं, मग दोरी पाऊलभर सरकवायची, पुन्हा यायचं. पायाखाली सोयाबीनची धसकटं टोचायची. मशीन टुकटुक करायचं. थांबायचं नाही, वाकायचं नाही, पाऊल कमीजास्त नाही. मामाजी धुऱ्यावर बसून पाहत होते.

"पेरणाऱ्याच्या चालीनं चालते पोट्टं," ते म्हणाले.

मामाजींकडून याच्यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळत नाही. माझ्या नवऱ्याला तर अजून मिळायची आहे.

चौथ्या दिवशी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगडी लावून भिंतीवर चित्र दाखवलं. आमचं वावर राखाडी दिसत होतं, राखेनं सारवल्यासारखं. आणि पूर्वेच्या धुऱ्याच्या कडेनं, एका रेषेत, सारख्या अंतरानं, काळे-पांढरे ठिपके. एक, दोन, तीन करत सगळं गाव मोठ्यानं मोजायला लागलं. सात भरले.

गुरुजी उठून उभे राहिले. "सात," एवढंच म्हणाले. मग डोळ्यांतून पाणी. मी इतकी तिखट बाई, पण मलाही त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. सगळी हयात त्या पोथीवर घालवलेली.

"थांबा गुरुजी," सर म्हणाले. "एवढे ठळक ठिपके म्हणजे बहुधा लोखंड. जुनंही असेल, अलीकडचंही असेल." ते मामाजींकडे वळले. "काका, त्या बाजूला कधी काही पुरलंय का? लोखंडाचं?"

सगळ्यांच्या माना फिरल्या. मामाजींच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर घासत होता.

"नाही," मामाजी म्हणाले.

झालं! गुलाल उधळायचाच बाकी राहिला. सर पुढं सांगत होते की मला खणायची परवानगी नाही, मी फक्त अहवाल देईन, गावाला वाटलं तर पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा. खात्याची माणसं येईपर्यंत मात्र त्या वावरात नांगर, वखर, काही चालवू नये.

"किती दिवसात येतीन?" प्रज्वलनं विचारलं.

"सांगता येत नाही. वर्ष लागेल, दोन लागतील."

घरी आलो. अंगणात मामाजी बैलांपुढं कडबा टाकत होते. टाकता टाकता पाठमोरेच म्हणाले, "वेशी नाहीत त्या. आपले बैल हायेत."

प्रज्वलच्या हातातला तांब्या खाली पडला.

मला माहीत होतं की या घरात बैल मेला की विकत नाहीत, ओढून टाकत नाहीत. वावरातच माती देतात. मीठ घालतात, तोंड पूर्वेला करतात, बाया रडतात. पण सगळे त्या एकाच रांगेत आहेत अन् सगळे पायातल्या नालेसकट, हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. मी या घरात आल्यापासून एकच गेला, पाखऱ्या, आणि तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते.

"मंग सांगितलं काऊन नाही बाबा?" प्रज्वल ओरडला. "सरानं सरळ विचारलं तुमाले!"

"सांगितलं अस्तं तर उकरून पाह्यलं अस्तं."

"पाहू द्याचं अस्तं! वावर अडकलं आता. दोन वर्सं पडीक ठेवाचं काय? मेलेल्या बैलापायी?"

"माती देल्ली जागा उकरत नसतेत," मामाजी म्हणाले. "माह्या बापानं सांगितलं होतं. ज्यानं जलमभर ओढलं त्याले मेल्यावर तरी उठवू नये. उकरली तर कोठ्यात दुसरं जनावर टिकत नाही."

"अन् वावर नसलं तर कोठ्यातल्या जनावराले घालाचं काय?" मी म्हणलं.

मामाजी कडबा टाकतच राहिले. तेव्हा आत्याबाई चुलीपासून उठून बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. या घरात आवाज चढवते ती मी. आत्याबाई कधी नाही.

"ते उकराचं का नाही ते मागून पाहू," त्या म्हणाल्या. "तुमी नाही काऊन म्हनले? चार लोकात बैल नाकारले तुमी. पोटच्या पोराले माहा नाही म्हनावं, तसं."

मामाजी कडब्याची पेंडी हातात घेऊन उभेच राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि आत्याबाईंनी आग्रहही केला नाही.

पुढचे चार दिवस देवा, कोणा वैऱ्याच्या वाट्याला येऊ नयेत. समितीनं सातही जागांभोवती चुन्यानं गोल काढले अन् बांबूवर पाट्या लावल्या, पहिली वेस, दुसरी वेस. मामाजी गवत कापायला धुऱ्यावर गेले तर एका पोट्ट्यानं त्यांना हटकलं. "बाबा, तिकून फिरून जा, वेशीतून नका जाऊ." पोट्ट्याच्या बापाला मामाजींनी खांद्यावर खेळवलेला. मामाजी फिरून गेले. शंकरराव धुऱ्यावर बसून सल्ला द्यायचे. "आता तारेचं कुंपन येईन तुमच्या वावराले, भगवंतराव. कुदळ मारतो म्हनलं तरी परवानगी." सगळ्या शिवारात पेरणी चाललेली, तिफनींचे आवाज येत होते, अन् आमचे बैल कोठ्यात उभे राहून शेपटीनं माशा मारत होते. आत्याबाई मूठभर माती आणायच्या. आता दाबलेला गोळा उघडल्याबरोबर फुटायचा.

"हाये का?" मी विचारायची.

"हाये," त्या म्हणायच्या, पण बोटांनी तो चुरा कुसकरत राहायच्या.

शेवटी सर अहवाल घेऊन निघायचा दिवस उजाडला. गुरुजींनी अर्ज लिहून आणला, मालकाची हरकत नाही म्हणून मामाजींची सही हवी होती. ती पहिल्या वेशीवर नारळ फोडूनच घ्यायची असं ठरलं. सकाळी सगळं गाव वावरात. ताशेवाले आले, डिंपल मोबाइल उंच धरून उभी, दगड मांडला, दगडाला हळदकुंकू लावलं. गुरुजींनी नारळ वर उचलला.

"तिथं फोडू नका," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं त्याचं डोकं हाये."

गुरुजींचा हात वरच राहिला. "कोनाचं?"

"माह्या पाखऱ्याचं."

त्या पुढं झाल्या, चुन्याच्या गोलात जाऊन खाली बसल्या, दोन्ही तळवे मातीवर टेकवून. "इथं पाखऱ्या. त्याच्यापल्याड हौश्या. तुमच्या सातीच्या साती वेशी आमचे बैल हायेत गुरुजी. नालेसकट पुरले. तेच दिसून राह्यले मशिनात."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. ताशेवाल्यानं तर दोन टिपऱ्या वाजवल्या, मेल्यानं.

"सरस्वतीबाई," गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी भगवंतराव सगळ्यायसमोर नाही म्हनले. आज सही कराची वेळ आली तर बैल निंगाले?"

"वावर वाचवाले बैलाचं नाव घेऊन राह्यले!" गर्दीतून आवाज आला.

प्रसेनजित सर मामाजींजवळ गेले. "काका, त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. खोटं बोललो," मामाजी म्हणाले. "माह्या लाजेनं नाही. त्यायले कोनी उकरू नये म्हनून."

"आता यातलं खरं कोनतं धराचं?" गुरुजींनी गर्दीला विचारलं.

"गुरुजी," सर म्हणाले, "मला इथं खणता येत नाही. पण मालक आपल्या वावरात खड्डा करू शकतो. तुम्हीच शिकवलं ना आम्हाला, ताळा केल्याशिवाय पाटीवरचं गणित पुसायचं नाही. छडी मारली होती मला त्यापायी."

गुरुजींनी नारळ दगडावर ठेवला. न फोडता.

प्रज्वलनं कुदळ उचलली. मामाजींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "दुसऱ्या कोनी लावू नये. मीच पुरला, मीच उठवतो." त्यांनी शर्ट काढून आत्याबाईंच्या हातात दिला, त्यांना हाताला धरून उठवलं, आणि वाकले.

पासष्टीचा माणूस. बरगड्या मोजाव्यात असं अंग. पहिली कुदळ त्यांनी अशी टाकली की घाव बसूच नये. मग जोरानं. माती वर काळी निघाली, खाली करडी. खड्डा गुडघ्याएवढा झाला तेव्हा मिठाचे पांढरे खडे दिसायला लागले. मामाजींनी कुदळ बाजूला ठेवली, खाली बसले आणि हातानं माती ओढायला लागले. श्वास लागला होता. आधी शिंग लागलं. टोकाला पितळी शेंबी, हिरवी पडलेली. आत्याबाईंनी पदरानं पुसली तर खालून पिवळं चमकलं. आत्याबाईंनी पदर तसाच तोंडावर दाबला.

"असू दे माय," त्या शिंगाला म्हणाल्या. "असू दे. जरासं. मंग झाकतो आमी."

मामाजींनी पायाच्या बाजूनं माती काढली. खूर निघाला, खुराला गंजलेली पत्री, म्हणजे बैलाची नाल, तिच्यात खिळे. त्यांनी ती बोटांनी सोडवली, तळहातावर घेतली आणि खड्ड्यातूनच वर धरली.

"बीबीच्या बाजारातून मारून आनली होती," ते म्हणाले. "नवी कोरी. आठ दिवस बी नाही चालला तो तिच्यावर. पोटफुगीनं गेला."

गुरुजी खड्ड्याच्या काठावर आले. वाकून पाहिलं. मग डोक्यावरची टोपी काढली आणि तिथंच ढेकळांत बसले. आमच्या वावरात गुरुजी चपला घालून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले, पण त्या वेळी ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"अन् बाकीचे सहा?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यायची नावं सांगतो," मामाजी म्हणाले. "फक्त उकरू नका."

ते वर आले, हातापायांना माती तशीच, आणि रांगेनं चालायला लागले. प्रत्येक गोलापाशी थांबायचे. हा हौश्या. हा कबऱ्या. हा तांबड्या. आणि काय झालं कोण जाणे, गर्दीतली म्हातारी माणसं एकेक करून पुढं यायला लागली.

"हौश्या? शंकरपटाच्या शर्यतीत पयला आल्ता तो?" एकानं विचारलं. "मी होतो ना बे तवा! माही टोपी गेली त्या धुरळ्यात."

"तांबड्यानं माह्या बापाची गाडी काढली होती लेंडीच्या पुरातून," शंकरराव म्हणाले. "गाडीत मी होतो, भगवंतराव. पाळण्यातला." असं म्हणून त्या माणसानं तांबड्याच्या गोलाला हात लावून नमस्कार केला. चार दिवस कुंपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस!

शेवटचा चांद्या, तो मामाजींच्या आजोबांनी पुरलेला. त्याला पाहिलेलं गावात कोणी उरलं नव्हतं, तरी सगळे तिथंही थांबले.

सरांनी लॅपटॉप उघडून गुरुजींच्या शेजारी ढेकळावर बैठक मारली. "बाकी वावर कोरं आहे गुरुजी. हे बारीक पट्टे वखराचे. हा नागमोडी डाग म्हणजे लेंडीची जुनी वाट. भिंत नाही, चूल नाही. खापरं पुरात वाहून आलेली असतील."

"म्हंजे नगरी नाही."

"या वावरात नाही."

गुरुजींची नजर हळूहळू धुऱ्यापलीकडे गेली.

"गुरुजी!" शंकरराव दचकून ओरडले. "माह्यात तूर उभी हाये बरं का! तिकडे पाहूच नका!"

आणि मग जे हसू फुटलं! आधीसारखं टोचणारं नाही, पोट धरून हसणारं. गुरुजीसुद्धा हसले, डोळे पुसत. हसता हसता मला एकदम हुंदका आला. इतके दिवस छातीवर दगड घेऊन फिरत होते ते मला तेव्हा कळलं. प्रज्वलनं पाठीवर हात ठेवला, तर मी त्यालाच म्हणलं, "पाहता काय? पाट्या उपटा त्या!"

डिंपल पळत जाऊन दुकानातून मिठाचं पोतं घेऊन आली. मामाजींनी पत्री खुराशी परत ठेवली. पहिली मूठ मीठ गुरुजींनी टाकलं. टाकताना काहीतरी पुटपुटले, पोथीतलंच असेल. मग ज्याला जे सुचलं ते. पोरं आपापल्या मुठीनं माती लोटत होती. सहीचा अर्ज गुरुजींनी चार घड्या करून खिशात घातला. सर निघाले तेव्हा मामाजींनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"खोटं बोललो तुमाले. मनात ठेवू नका."

"काका, माझ्या मशीननं एवढे बैल कधी पाहिले नव्हते," सर म्हणाले. "हे मी विसरणार नाही."

आत्याबाईंना मात्र निरोपाबिरोपाची फुरसत नव्हती. वावराच्या मध्यावर जाऊन त्यांनी टाचेनं वरची कोरडी माती उकरली, खालची मूठभर घेतली, दाबली, आणि माझ्यापुढं हात उघडला. गोळा तसाच राहिला. बोटांचे वळ उमटलेले.

"खाले हाये," त्या म्हणाल्या. "जरा खोल पेरा लागीन. पन हाये."

दिवस कलायच्या आत आमची तिफन वावरात उतरली. शंकररावांनी आपली जोडीही पाठवली, न मागता. आधी दोन्ही वखरांनी एकेक पाळी घातली, मागोमाग पेरणी. मामाजींनी तिफन धरली, आत्याबाईंनी पदर खोचून चाड्यावर मूठ धरली, हरभरा नळ्यांतून सरसर मातीत उतरायला लागला. मी मागून उघडं राहिलेलं बी पायानं झाकत होते. तो आवाज! दहा दिवस दुसऱ्यांच्या वावरातून ऐकला होता.

तिफनीचं पहिलं तास पूर्वेच्या धुऱ्यापाशी संपलं. नव्या मातीचा उंचवटा तिथं अजून ओलसर दिसत होता. बैल वळवायच्या ऐवजी मामाजींनी त्यांना थांबवलं. तिफनीवरचा हात काढला.

"मेल्यावर बी जू घेतलं बे पाखऱ्या तू," ते म्हणाले. "मेल्यावर बी वढलं आमाले."

आणि मग ते धुऱ्यावर बसून मोठ्यानं रडले, इतक्या दिवसांचं सगळं एकदम. आम्ही कोणी अडवलं नाही. प्रज्वल बैलांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आत्याबाईंनी चाड्यावरची मूठ घट्ट मिटून धरली होती, एक दाणा सांडू दिला नाही.

"उठा आता," मग त्या म्हणाल्या. "हे दोघं उभे हायेत."